विश्लेषण : मुंबईच्या गल्ल्यांत ‘प्लेग क्रूस’ का उभे आहेत? संकटकाळातील ख्रिस्ती प्रार्थना नेमके काय करते?

वांद्र्यातील रनवार, चिंबई, पाली, शेर्ली ही जुनी गावठाणे असोत, माझगावची माथारपाखाडी असो किंवा गिरगावची खोताची वाडी. गल्लीच्या तोंडाशी, दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत किंवा एखाद्या वडापिंपळाजवळ पांढऱ्या रंगाचा दगडी क्रूस हमखास दिसतो. ताज्या फुलांचा हार, दोन मेणबत्त्या आणि चौथऱ्यावर कोरलेले साल. त्यातील अनेक सालांचा संबंध १८९६च्या प्लेगशी आहे. सव्वाशे वर्षांनंतर करोनाकाळात चर्चची दारे बंद झाली, तेव्हा या क्रुसांची पुन्हा आठवण झाली. हे क्रूस कोणी उभारले, त्यांच्यापुढे काय म्हटले जाते, प्रार्थनेने रोग हटतो का आणि आज हेच क्रूस कायद्याच्या कचाट्यात का सापडले आहेत, याचा आढावा.

‘प्लेग क्रूस’ म्हणजे काय?

मुंबई, साष्टी आणि वसई पट्ट्यातील मूळच्या कॅथलिक समाजाला ‘ईस्ट इंडियन’ म्हणतात. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या या समाजाची बोली मराठीच आहे. १८८७मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. त्यांच्या वस्त्यांना गावठाण किंवा पाखाडी म्हणतात आणि जवळपास प्रत्येक पाखाडीचा स्वतःचा क्रूस असतो. जुनी माणसे त्याला ‘खुरीस’ म्हणतात.

सगळेच क्रूस प्लेगचे नाहीत. काही त्याहून जुने आहेत, काही एखाद्या कुटुंबाने नवस फेडण्यासाठी बांधलेले आहेत, तर काही जुन्या चर्चच्या खुणा म्हणून उरले आहेत. मात्र १८९६नंतरच्या काही वर्षांत वस्त्यावस्त्यांत एकाच कारणासाठी क्रूस उभे राहिले. साथ आपल्या गल्लीत शिरू नये म्हणून, किंवा शिरूनही आपण वाचलो म्हणून. पहिल्या प्रकारात विनवणी आहे, दुसऱ्यात कृतज्ञता. खोताच्या वाडीच्या तोंडाशी असलेले छोटे चॅपेल दुसऱ्या प्रकारातील मानले जाते.

१८९६मध्ये मुंबईत काय घडले होते?

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागातील रुग्णांना तपासताना डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. व्हिएगस मूळचे गोव्यातील हडफड्याचे. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. धोबी तलाव येथे मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे.

निदान झाले, पण भीती त्याहून वेगाने पसरली. काही महिन्यांत शहरातील लाखो लोक गावाकडे पळाले. १८९१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २१ हजार होती. १९०१मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटली, यावरूनच आघाताची कल्पना येते. पुढच्या तीन दशकांत देशभरात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

सरकारने १८९७मध्ये साथरोग कायदा केला. घराघरांची झडती, रुग्णांना जबरदस्तीने वेगळे काढणे, सामान जाळणे असे उपाय सुरू झाले. पुण्यात या जाचातून रँडची हत्या झाली. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

एक गोष्ट येथे लक्षात घ्यायला हवी. प्लेगचा जिवाणू १८९४मध्ये हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. उंदरांवरील पिसवा हा त्याचा मार्ग असल्याचे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले, ते १८९८मध्ये. त्यावर शिक्कामोर्तब व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे पाखाडीतील लोक क्रूस उभारत होते, तेव्हा शत्रू कोण आहे हे डॉक्टरांनाही पुरते कळलेले नव्हते.

क्रूस चर्चमध्ये न उभारता रस्त्यावर का?

साथीच्या दिवसांत चर्चला जाणे अवघड किंवा धोक्याचे झाले, म्हणून वस्तीतच प्रार्थनेची जागा केली गेली, असे गावठाणांत सांगितले जाते. या पद्धतीला युरोपात जुना आधार आहे. १५७६मध्ये इटलीतील मिलान शहरात प्लेग पसरला, तेव्हा तेथील आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या. घरात अडकलेल्या लोकांनी दार-खिडकीत उभे राहून मिस्सा ऐकावी, हा त्यामागचा हेतू होता. आजच्या भाषेत हे ‘सुरक्षित अंतर’च म्हणायचे.

त्याआधीचा दाखलाही आहे. इसवी सन ५९०मध्ये रोममध्ये प्लेग असताना पोप ग्रेगरी यांनी शहरभर प्रार्थनेची मिरवणूक काढली होती. श्रद्धा तीच, पण पद्धती दोन. एकीत माणसे एकत्र येतात, दुसरीत ती आपापल्या जागी राहतात. साथ संसर्गाने पसरते हे लक्षात येत गेले, तसे दुसऱ्या पद्धतीचे महत्त्व वाढले.

साथीच्या काळात काही संतांची नावे विशेष घेतली जातात. संत सेबास्टियन आणि संत रॉक हे त्यातील दोन. संत रॉकच्या मूर्तीत मांडीवर जखम आणि शेजारी कुत्रा असतो. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यालाच रोग झाला आणि जंगलात पडलेल्या त्याला एका कुत्र्याने रोज भाकरी आणून दिली, अशी आख्यायिका आहे.

क्रुसापुढे नेमके काय म्हटले जाते?

मुख्य प्रार्थना रोझरीची, म्हणजे जपमाळेची. तिचे पाच टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यात एकदा प्रभूची प्रार्थना आणि दहा वेळा ‘नमो मरिया’ म्हटली जाते. सोबत येशूच्या जीवनातील प्रसंगांचे चिंतन केले जाते. त्यांना आनंदाची, दुःखाची, गौरवाची आणि प्रकाशाची रहस्ये म्हणतात. यातील प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२मध्ये जोडली.

त्यानंतर लितनी होते. एक जण संताचे नाव घेतो आणि बाकीचे एका सुरात ठरलेले उत्तर देतात. संतांच्या जुन्या लितनीत रोगराई, दुष्काळ आणि युद्ध या तिन्हींपासून सोडवण्याची विनवणी एकाच दमात येते. ही रचना शतकानुशतके टिकली, कारण तिला पुस्तक लागत नाही, फादर लागत नाही आणि उत्तर देणाऱ्याला अक्षरओळखही लागत नाही. गल्लीतील कोणीही म्होरक्या होऊ शकतो.

परंपरेने ३ मे हा पवित्र क्रूसाच्या सणाचा दिवस. त्यामुळे मे महिन्यात अनेक पाखाड्यांत क्रूस रंगवतात, पताका लावतात. प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटतात. ज्या घराची पाळी असेल, त्याच्याकडे चण्यांची जबाबदारी. प्रार्थनेइतकाच हा चण्यांचा भागही महत्त्वाचा आहे, कारण त्या निमित्ताने शेजारी कोण आजारी आहे, कोणाकडे माणूस नाही, हे गल्लीला कळते.

संकटातील ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे फक्त मागणे का?

बाहेरून पाहणाऱ्याला तसे वाटते. बायबल उघडले की वेगळे चित्र दिसते. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यातील सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांत देवाची स्तुती कमी आणि त्याच्याकडे तक्रार जास्त आहे. १३वे स्तोत्र देवाला विचारते की हा विसर आणखी किती काळ चालणार. २२वे स्तोत्र विचारते की मला टाकून का दिलेस. शुभवर्तमानानुसार येशूने क्रुसावर शेवटच्या घटकांमध्ये याच स्तोत्राची सुरुवात उच्चारली. ८८वे स्तोत्र तर कोणताही दिलासा न देता अंधारातच संपते.

म्हणजे देवाशी भांडणे हा या परंपरेत अविश्वास मानलेला नाही, तो प्रार्थनेचाच एक प्रकार आहे. गेथशेमाने बागेतील येशूची प्रार्थनाही अशीच आहे. अटकेच्या रात्री, अटक होण्याआधी तो संकट टळावे अशी विनवणी करतो आणि शेवटी पित्याच्या इच्छेवर सोडतो. संकट टळत नाही. ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यभागी अशी एक प्रार्थना आहे, जिच्यातील मागणे मान्य झालेले नाही. प्लेगच्या वर्षात क्रुसापुढे रोज बसूनही ज्यांचे मूल वाचले नाही, त्यांच्यासाठी हा मुद्दा केवळ धर्मशास्त्राचा नव्हता.

साथ ही देवाची शिक्षा असते, असे हा धर्म सांगतो का?

असे सांगणारे प्रत्येक साथीत निघाले. बायबलमध्येही जुन्या करारात रोगराई ही शिक्षा म्हणून येते. पण त्याच ग्रंथात या समजुतीला उत्तरही आहे. ईयोबच्या पुस्तकात एका सज्जन माणसावर संकटांमागून संकटे कोसळतात. मित्र येऊन त्याला सांगतात की तू नक्की काही पाप केले असशील. पुस्तकाच्या शेवटी देव ठपका ठेवतो तो ईयोबच्या मित्रांवर.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. हा फरक व्यवहारात फार मोठा ठरतो. आजार म्हणजे शिक्षा असे मानले की रुग्ण गुन्हेगार ठरतो, घरचे आजार लपवतात आणि साथ वाढते.

मग प्रार्थना करायची की औषध घ्यायचे?

हा प्रश्नही जुना आहे. १५२७मध्ये जर्मनीतील विटेनबर्ग शहरात प्लेग आला. तेव्हा प्रोटेस्टंट चळवळीचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांना एका धर्मगुरूने विचारले की ख्रिस्ती माणसाने साथीतून पळ काढावा का. ल्यूथर यांनी सविस्तर पत्र लिहून उत्तर दिले. त्याचा आशय असा होता : ज्याच्यावर इतरांची जबाबदारी आहे, त्याने जागा सोडू नये, इतरांना जाण्याची मोकळीक आहे. देवाची प्रार्थना करावी. पण औषध घ्यावे, घरात धुरी द्यावी आणि गरज नसेल तेथे जाणे टाळावे. औषध नाकारून देवावर भिस्त ठेवणे, याला त्यांनी श्रद्धा न म्हणता देवाची परीक्षा पाहणे म्हटले. ल्यूथर स्वतः शहरातच राहिले.

मुंबईतही हेच दिसते. प्लेगचे निदान करणारे डॉ. व्हिएगस ख्रिस्ती समाजातीलच होते. त्याच वेळी ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन प्लेगवरील लस तयार करत होते. जानेवारी १८९७मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था आजही परळमध्ये आहे. निरनिराळ्या समाजांनी स्वतःची प्लेग रुग्णालयेही काढली. एकाच शहरात क्रूस आणि लस शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

प्रार्थनेने रोग बरा होतो का? अभ्यास काय सांगतात?

सर्वाधिक चर्चा झालेला अभ्यास २००६चा आहे. अमेरिकेतील हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांतील बायपास शस्त्रक्रियेच्या सुमारे १,८०० रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या दोन गटांना आपल्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, एवढेच सांगितले होते. त्यातील एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. गुंतागुंतीचे प्रमाण अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्के निघाले. म्हणजे फरक नाही. तिसऱ्या गटाला प्रार्थना होत असल्याचे निश्चित सांगितले होते. त्यात प्रमाण ५९ टक्के निघाले. ‘माझ्यासाठी प्रार्थना करावी लागते, म्हणजे प्रकृती गंभीर असावी’ अशी धास्ती त्यांनी घेतली असावी, अशी शक्यता तेव्हा चर्चिली गेली.

थोडक्यात, दूरवरून केलेल्या प्रार्थनेचा रोगावर परिणाम होतो, याला या अभ्यासात आधार मिळाला नाही. पण प्रार्थना करणाऱ्या माणसावर काय परिणाम होतो, हा वेगळा प्रश्न आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ परगामेंट यांनी त्यावर बराच अभ्यास केला आहे. देव सोबत आहे, आपण दोघे मिळून यातून वाट काढू, या भावनेने प्रार्थना करणाऱ्यांना ताण झेलणे साधारणपणे सोपे जाते. देवाने मला शिक्षा दिली, मला टाकले, याच विचारात अडकलेल्यांचा ताण उलट वाढतो. म्हणजे प्रार्थना केली की नाही यापेक्षा ती कोणत्या भावनेने केली, याला महत्त्व आहे.

करोनाकाळात काय झाले?

मार्च २०२०मध्ये जगभर गुगलवर ‘प्रार्थना’ या शब्दाचा शोध कमालीचा वाढल्याचे कोपनहेगन विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ यानेट बेन्झन यांनी दाखवून दिले. त्यांनी शंभराच्या आसपास देशांतील शोधांची आकडेवारी तपासली होती.

२७ मार्च २०२०च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी पावसात, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात प्रार्थना केली. त्यांच्यामागे रोममधील सान मार्चेल्लो चर्चचा लाकडी क्रूस ठेवला होता. १५१९च्या आगीतून वाचलेला हा क्रूस १५२२च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांवरून मिरवला गेला होता. पाचशे वर्षांनी तो पुन्हा बाहेर आला, या वेळी मिरवणुकीविना.

मुंबईत मिस्सा ऑनलाइन झाल्या. सप्टेंबर २०२०मध्ये मोत माउलीची, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा भरली नाही. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२०ला, दिवाळी पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेला खुली झाली.

सर्वात कठीण प्रश्न अंत्यविधीचा होता. ३० मार्च २०२०ला मुंबई महापालिकेने करोनाने मृत झालेल्या सर्वांचे दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि लगेच बदललेही. कॅथलिक चर्चने १९६३पासून दहनाला परवानगी दिलेली आहे. तरी दफनाची परंपरा असलेल्या घरांसाठी हा निर्णय सोपा नव्हता. शेवटचे दर्शन नाही, मोजकीच माणसे, घाईत म्हटलेली प्रार्थना. अनेक कुटुंबांसाठी शोक तेथेच अडकून राहिला.

हे फक्त ख्रिस्ती समाजापुरते आहे का?

नाही. प्लेगच्याच काळात बंगळूरु आणि कोइम्बतूर येथे ‘प्लेग मारिअम्मा’ची देवळे उभी राहिली. महाराष्ट्रात देवीच्या साथीत शीतलादेवीला साकडे घातले जाई. २०२०च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकऱ्यांनी घरूनच हात जोडले. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी होणाऱ्या नोव्हेनाला सर्व धर्मांचे लोक येतात. मोत माउलीला मेणाचे हात, पाय किंवा घर वाहणाऱ्यांत बिगरख्रिस्ती भाविक मोठ्या संख्येने असतात. संकटाची भाषा धर्मापेक्षा परिसराची असते, असे म्हणता येईल.

मग क्रूस आज अडचणीत का?

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ला सार्वजनिक जागेवर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकामास मनाई केली आणि जुन्यांबाबत प्रकरणनिहाय निर्णय घेण्यास सांगितले. त्यानुसार राज्य सरकारने २०११मध्ये धोरण ठरवले. अशा बांधकामांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे वर्ग करून नियमित करणे, पाडणे किंवा हलवणे, असे पर्याय ठेवले.

नियम सर्व धर्मांना सारखाच आहे. क्रुसांबाबत अडचण पुराव्याची येते. गल्लीने वर्गणी काढून उभारलेल्या क्रुसाची ना कागदपत्रे असतात, ना विश्वस्त मंडळ. पुरावा म्हणजे चौथऱ्यावरचे साल. क्रूस उभारला तेव्हा ती जागा गावठाणाची होती. नंतर रस्ता रुंद झाला आणि क्रूस रस्त्यात आला. रस्ता क्रुसाकडे आला की क्रूस रस्त्यावर, हा वाद तेथून सुरू होतो.

एप्रिल २०१७मध्ये वांद्र्यातील बाजार रोडवरील क्रूस महापालिकेने पाडला, तेव्हा हाच वाद पेटला. क्रूस शंभर वर्षांहून जुना आणि खासगी जागेत असल्याचे रहिवाशांचे म्हणणे होते. त्यानंतर अनेक वस्त्यांत जुनी छायाचित्रे, चर्चच्या नोंदी आणि नकाशे गोळा करण्याचे काम वाढले.

पुढे काय?

खोताची वाडी आणि माथारपाखाडी या वारसा परिसर म्हणून ओळखल्या जातात. तेथील क्रुसांना त्यामुळे थोडे संरक्षण आहे. इतर गावठाणांत पुनर्विकासाचा रेटा मोठा आहे. जुने घर गेले की त्या घरची चण्यांची पाळीही जाते. क्रूस कागदोपत्री वाचला, तरी त्याच्यापुढे बसणारी माणसे दुसऱ्या उपनगरात गेलेली असतात.

प्लेगचे कारण आता शाळेतील मुलांनाही माहीत आहे आणि त्यावर प्रतिजैविके आहेत. त्या अर्थाने या क्रुसांचे मूळ काम संपले आहे. पण साथ आली तेव्हा गल्लीने पळून न जाता किंवा दार लावून न बसता संध्याकाळी एकत्र येण्याची जागा ठरवली, याची ती नोंद आहे. मुंबईच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात डॉ. व्हिएगस यांच्या पुतळ्याला आणि हाफकिन संस्थेला जागा आहेच. त्याच इतिहासाचे तिसरे साधन म्हणून या दगडी क्रुसांची वस्तीनिहाय यादी, त्यांवरील सालांसह तयार झाली, तर पाडायचे की ठेवायचे हा निर्णय तरी माहितीच्या आधारे घेता येईल.